उकिरडा मोडा, खत जोडा

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी म्हण मराठी मुलखात सर्वश्रुत आहे. गांजलेल्या माणसास धीर देणे हा तिचा हेतू असला, तरी शेतीच्या दृष्टीने पाहता तीत एक खंतही दडलेली आहे. ज्या ढिगाचे दैव चार महिन्यांत पालटणे शक्य आहे, त्यास वर्षानुवर्षे तिष्ठत ठेवण्याची आपली जुनी सवय त्या म्हणीत उघड होते. गोठ्यातील शेण व उष्टावळ, चुलीतील राख, खळ्यावरील भूस, स्वयंपाकघरातील टरफले, अंगणातील पालापाचोळा हे सर्व घरोघरी रोज निघते. ते गोळा करण्याचे कष्टही रोज होतात, आणि बहुधा घरातील स्त्रियाच ते करतात. पाटी उकिरड्यावर रिकामी झाली म्हणजे काम संपले, असे मानले जाते. वस्तुतः खताचे काम तेथून सुरू व्हावयास हवे.

कचरा म्हणजे खत नव्हे, आणि खणलेला खड्डा म्हणजेही खत नव्हे. खत तयार करतात ते डोळ्यांस न दिसणारे जिवाणू. त्यांस योग्य अन्न, ओल व हवा मिळाली आणि वर आच्छादन राहिले, तरच कचऱ्याचे खत होते. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे पुढील सर्व पद्धती समजण्यास सोप्या जातात.

उकिरड्यावर काय घडते

उघड्यावर टाकलेल्या शेणातील नत्राचा बराचसा भाग अमोनिया वायूच्या रूपाने उडून जातो. उन्हाळ्यात ढीग कोरडा पडला की कुजण्याची क्रिया थांबते. पावसाळ्यात त्याच ढिगातून काळसर पाणी वाहते, आणि त्या पाण्याबरोबर विद्राव्य नत्र व पालाश ओढ्यास मिळतात. ढीग विहिरीजवळ असेल, तर तेच पाणी झिरपून पिण्याच्या पाण्यात उतरते. वर्षाअखेर गाडीत भरून शेतात जाते ते अर्धवट कुजलेले, सत्त्व गेलेले खत. त्यातील तणांचे बी जिवंत असते. हुमणीचे भुंगेरे अशा कच्च्या शेणखताच्या ढिगात अंडी घालतात, आणि पुढे पिकाची मुळे कुरतडणाऱ्या अळ्या शेतकरी आपल्याच गाडीने शेतात नेऊन टाकतो.

या हानीचा हिशेब करून पाहावा. चांगल्या शेणखतात साधारणतः ०.५ टक्का नत्र, ०.२ टक्का स्फुरद व ०.५ टक्का पालाश असतो. म्हणजे ५ टन खतात २५ किलो नत्र, १० किलो स्फुरद व २५ किलो पालाश आला. २५ किलो नत्र म्हणजे सुमारे ५४ किलो युरियातील नत्र. ४५ किलोच्या एका गोणीहून ते अधिक आहे. हे नत्र पहिल्याच हंगामात सर्वच्या सर्व पिकास मिळत नाही, ते हळूहळू मिळते, हे खरे. परंतु खतातून जमिनीस जे सेंद्रिय द्रव्य मिळते, ते युरियाच्या गोणीत मुळीच नसते. या द्रव्यामुळे हलकी जमीन पाणी धरून ठेवते आणि भारी काळी जमीन भुसभुशीत राहते. पावसाने आठ दिवस ताण दिला, तर ज्या शेतात असे द्रव्य आहे तेथील पीक अधिक काळ तग धरते. जिरायत शेतकऱ्यास याचे मोल निराळे सांगण्याचे कारण नाही.

वेगळे करणे ही पहिली मशागत

पूर्वीच्या उकिरड्यात न कुजणारे असे फारसे काही नसे. फार तर फुटकी खापरे असत. आज तशी स्थिती राहिलेली नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, काच, वापरलेले सेल, औषधांच्या बाटल्या, ठिबकाच्या तुटक्या नळ्या व मल्चिंगचा फाटका कागद हे सर्व त्याच ढिगावर जाऊन पडते. प्लॅस्टिक कुजत नाही. त्याचे केवळ तुकडे होतात, आणि ते मातीत राहून पाण्याच्या व मुळांच्या वाटेत आडवे येतात. उकिरड्यावर चरणारी जनावरे अन्नाच्या वासाने पिशव्या गिळतात. त्या पोटात साठून जनावर खंगते व प्रसंगी दगावते. काचेचा तुकडा खताबरोबर शेतात गेला, की तो खुरपणाऱ्या बाईच्या पायात शिरतो. म्हणून खताच्या कामातील पहिली मशागत शेतात नव्हे, तर घराच्या दारात करावयाची आहे.

घरात दोन पाट्या ठेवाव्यात. कुजणारे सर्व एका पाटीत व न कुजणारे दुसरीत टाकावे. सुया, मुदत संपलेली औषधे व वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून तिसऱ्या ठिकाणी निराळे ठेवावेत. कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्यांबाबत विशेष दक्षता हवी. बाटली तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे, बाटलीस भोक पाडावे आणि ती घरगुती कामासाठी कधीही वापरू नये. चुलीची राख खड्ड्यात चालते, मात्र तिचा जाड थर देऊ नये. न कुजणारा कचरा पेटवून देणे हा उपाय नव्हे. प्लॅस्टिकच्या धुरात विषारी वायू असतात, आणि ते प्रथम पेटविणाऱ्याच्याच छातीत जातात.

कुजण्याची क्रिया

जिवाणूंस दोन प्रकारचे अन्न लागते. धसकटे, काड, भूस व पाचट यांत कर्ब पुष्कळ असतो व नत्र थोडे. शेण, मूत्र व हिरवा पाला यांत नत्राचे प्रमाण अधिक असते. सुमारे ३० भाग कर्बास १ भाग नत्र हे प्रमाण कुजण्यास अनुकूल होय. गव्हाच्या काडात हे प्रमाण ८० भागांच्या आसपास असते. नुसते काड खड्ड्यात भरले, तर वर्ष उलटले तरी ते काडच राहते, याचे कारण हे आहे. उलट नुसत्या शेणाचा ढीग केला, तर नत्र उडून जाते. दोहोंचे मिश्रण करणे यातच सारे कौशल्य आहे.

जनावराच्या शरीराबाहेर पडणाऱ्या नत्राचा मोठा भाग मूत्रात असतो, आणि बहुतेक गोठ्यांत तो जमिनीत जिरून वाया जातो. यावर साधा उपाय आहे. गोठ्यात जनावरांखाली रोज माती, भूस अथवा पालापाचोळा पसरावा व दुसऱ्या दिवशी तो मुतारा खड्ड्यात टाकावा. यास पैसा लागत नाही.

ओल किती असावी, याची परीक्षा हातानेच होते. खड्ड्यातील मूठभर माल घट्ट दाबावा. तळहात ओला व्हावा, परंतु पाणी ठिबकू नये. क्रिया नीट चालू असल्यास ढिगाच्या पोटातील उष्णता ५५ ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत चढते, आणि तिने तणांचे बहुतेक बी व रोगजंतू मरतात. लोखंडी पहार ढिगात खुपसून थोड्या वेळाने बाहेर काढावी. ती हातास चटका देण्याइतकी तापली असेल, तर काम चालू आहे असे समजावे. पहार थंड व माल कोरडा असेल, तर पाणी द्यावे. घाण वास येत असेल, तर पाणी अधिक झाले आहे व हवा कमी पडली आहे; अशा वेळी माल खाली-वर करावा. डोळ्यांस झोंबणारा वास आल्यास नत्र उडत आहे, असे जाणून कोरडे काड व माती मिसळावी.

तीन पद्धती, तीन अडचणी

कंपोस्टच्या प्रचलित पद्धतींपैकी कोणतीही एक सर्वत्र श्रेष्ठ नाही. आपल्याकडे काय कमी आहे, हे पाहून शेतकऱ्याने निवड करावी.

ज्याच्याजवळ पाणी व मनुष्यबळ आहे, त्याने इंदूर पद्धत स्वीकारावी. इंदूर येथे १९२४ मध्ये स्थापन झालेल्या वनस्पतिसंशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी ही पद्धत बसविली, आणि त्यांनी व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९३१ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तेथे कापसाच्या कठीण पऱ्हाट्या रस्त्यावर पसरीत, म्हणजे गाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप चेचल्या जात. खड्ड्याची लांबी सोयीनुसार, रुंदी ६ ते ८ फूट व खोली ३ फुटांपर्यंत असावी. जागा उंचवट्याची, गोठ्याजवळची, मात्र विहिरीपासून दूर असावी. तळाशी बारीक केलेल्या काडीकचऱ्याचा अर्धा फूट थर द्यावा. त्यावर मुतारा व थोडी राख पसरून शेणकाला शिंपडावा. याच क्रमाने आठवड्याच्या आत खड्डा भरून घ्यावा. सुमारे पंधरा दिवसांनी पहिली, एक महिन्याने दुसरी व दोन महिन्यांनी तिसरी पालटणी करावी, आणि प्रत्येक वेळी पाणी द्यावे. तीन महिन्यांत खत तयार होते.

जेथे पाणी व मजूर दोन्ही तुटपुंजे आहेत, तेथे बंगलोर पद्धत सोयीची ठरते. डॉ. सी. एन. आचार्य यांनी ती प्रथम शहरातील केरकचऱ्यासाठी विकसित केली. तीतही खड्डा थराथराने भरतात, परंतु शेवटी तो माती व शेणाने लिंपून बंद करतात. पालटणी करावी लागत नाही, आणि लिंपणामुळे ओलावा व नत्र दोन्ही आत राहतात. मात्र खत तयार होण्यास ६ ते ८ महिने लागतात. दुष्काळी टापूतील शेतकऱ्यास हा विलंब सोसण्यासारखा आहे.

ज्याच्याकडे कचरा पुष्कळ, पण जनावरे थोडी, त्याच्यासाठी नाडेप पद्धत आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील ना. दे. पांढरीपांडे यांनी ती विकसित केली, आणि त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच तिला हे नाव मिळाले. आज ट्रॅक्टर आल्यामुळे अनेक घरी बैलजोडी राहिलेली नाही. अशा घरास ही पद्धत विशेष उपयोगी आहे. जमिनीवर विटांची १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच टाकी बांधतात. हवा खेळावी म्हणून भिंतींत ठराविक अंतराने भोके ठेवतात. टाकी भरण्यास सुमारे १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, १७५० किलो चाळलेली कोरडी माती आणि १५०० ते २००० लिटर पाणी लागते. सहा इंच काडीकचरा, त्यावर शेणकाला, त्यावर मातीचा पातळ थर, या क्रमाने भरीत जावे. काठावर दीड फूट उंची येईपर्यंत ढीग करून तो माती व शेणाने लिंपावा. पंधरा-वीस दिवसांनी माल खाली बसतो. तेव्हा पूर्वीप्रमाणेच भर घालून पुन्हा लिंपण करावे. लिंपणास तडे गेल्यास ते बुजवावेत व भोकांतून पाणी शिंपडीत राहावे. तीन ते चार महिन्यांत सुमारे ३ टन खत मिळते. शेण १०० किलो व खत ३ टन, हा हिशेब प्रथमदर्शनी खरा वाटत नाही. परंतु शेण येथे मुख्यतः विरजणाचे काम करते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचा उलगडा होतो.

अर्धवट कुजलेल्या मालाचे गांडूळखतही करता येते. त्यासाठी सावली, सतत ओल व थंडावा हवा. ताजे शेण तापते आणि त्यात गांडुळे मरतात. म्हणून शेण काही दिवस निववून मगच वापरावे.

शेतातला कचरा शेतातच

सर्वच कचरा खड्ड्यापर्यंत वाहून नेण्याची गरज नसते. ऊस तुटल्यावर हेक्टरी सुमारे ८ ते १० टन पाचट शेतात उरते. ते पेटविले म्हणजे रान एका दिवसात मोकळे होते, हा शेतकऱ्याचा अनुभव खोटा नाही. परंतु त्या आगीत पाचटातील नत्र व सर्व सेंद्रिय द्रव्य जळून जाते आणि मातीच्या वरच्या थरातील उपयुक्त जिवाणूही होरपळतात. त्याऐवजी पाचटाची कुट्टी करून ते सऱ्यांत दाबावे. त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्यावे. युरिया येथे पिकासाठी नसून कर्ब अधिक असलेल्या पाचटास नत्राची जोड देण्यासाठी आहे. पाचटाच्या आच्छादनामुळे तण दबते व पाण्याच्या पाळ्यांतील अंतर वाढविता येते.

पऱ्हाट्यांची गोष्टही अशीच आहे. त्या बांधावर रचून ठेवल्या, तर त्यांवरील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढील हंगामापर्यंत टिकून राहते. कुट्टी करून त्या कंपोस्टमध्ये घातल्या, तर कीडही हटते व खतही मिळते.

तयार खताची ओळख व वापर

चांगले कुजलेले खत गडद तपकिरी व भुसभुशीत असते. त्यास पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो, आणि त्यात मूळ काडी ओळखू येत नाही. असे खत हातास गरम लागत नाही. शेतात नेल्यावर त्याचे लहान लहान ढीग करून ते उन्हात आठवडेच्या आठवडे ठेवण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. तिच्यामुळे चार महिन्यांची मेहनत फुकट जाते. खत ज्या दिवशी न्यावे, त्याच दिवशी पसरावे आणि कुळवाच्या शेवटच्या पाळीने मातीत मिसळावे. अनेक जिरायत पिकांसाठी हेक्टरी ५ टन ही मात्रा शिफारशीत आढळते. तेवढे खत एका वर्षी सर्व शेतास पुरत नसेल, तर शेताचे तीन भाग पाडून दर वर्षी एका भागास पुरेसे द्यावे. चिमूट चिमूट सर्वत्र टाकण्यापेक्षा हे अधिक हिताचे ठरते. रासायनिक खते बंदच करावीत, असा याचा अर्थ नव्हे. माती परीक्षण करून दोहोंचा मेळ घालावा.

गावाने करावयाचे काम

संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात येताच हाती खराटा घेत आणि रात्री कीर्तनातून लोकांची मने स्वच्छ करीत. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. पुढे २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियान आले आणि त्याच्या २०२० पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात गावच्या घनकचऱ्याचाही विचार झाला. या मोहिमांनी खराटा गावोगावी पोहोचविला. परंतु झाडलेला केर जातो कोठे, हा प्रश्न प्रत्येक गावाने स्वतःस विचारला पाहिजे. तो गावाबाहेरच्या ओढ्यात जात असेल, तर गाव स्वच्छ झाले नाही; केर केवळ दृष्टीआड झाला.

मोहिमेच्या उत्साहात खड्डे भराभर खणले जातात. वर्षाने पाहावे, तर एखाद्यात दगड, एखाद्यात साचलेले पाणी व डास, आणि एखाद्यात तण माजलेले दिसते. खड्ड्यांची संख्या कागदावर भरते. खत मात्र शेतात पोहोचत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने म्हणून खड्डे मोजू नयेत, गाड्या मोजाव्यात. ज्या शेतकऱ्याने मनापासून तयारी दाखविली आहे, अशा एकाच्याच खड्ड्यापाशी भरण्याच्या दिवशी, पालटणीच्या दिवशी व खत काढण्याच्या दिवशी जातीने उभे राहावे. शक्य असल्यास त्याच शेतात खत घातलेला व न घातलेला असे दोन पट्टे शेजारी शेजारी ठेवावेत. शेजाऱ्याने ते पीक डोळ्यांनी पाहिले, की भाषणाची गरज उरत नाही. माहितीची सभा भरविताना घरातील स्त्रियांस अगत्याने बोलवावे. पाटी त्यांच्या हाती असते. त्यांनी दोन पाट्या केल्या नाहीत, तर पुढील कोणतीही योजना सफल होणार नाही.

न कुजणारा कचरा मात्र एका घराच्या आटोक्यातील नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीने कोरडी, छपराची जागा द्यावी, ठराविक वारी तो गोळा करावा आणि विकण्याजोगे प्लॅस्टिक, काच व धातू भंगारवाल्यास द्यावेत. एकदाच वापरून फेकण्याच्या प्लॅस्टिकच्या कित्येक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. लग्नकार्यात व जत्रेत पुन्हा ताटवाट्या व पत्रावळी वापरल्या, तर कचरा मुळातच कमी होईल. पत्रावळ खड्ड्यात गेली की तिचे खत होते; प्लॅस्टिकची थाळी मात्र अनेक पिढ्या तशीच उरते.

शेतातून दर हंगामात धान्य, कापूस, ऊस व भाजी बाजारात जाते. त्यांबरोबर जमिनीचा कसही गावाबाहेर जातो. मागे उरते ते काड, पाला, शेण व राख. एवढे तरी जमिनीस परत मिळाले पाहिजे. तो जमिनीचाच ठेवा आहे, शेतकऱ्याचे उपकार नव्हेत. हा ठेवा उकिरड्यावर उन्हापावसात नासू द्यावयाचा की चार महिने जतन करून शेतास परत करावयाचा, एवढाच निर्णय घ्यावयाचा आहे. उन्हाळ्यात कामे थोडी हलकी असतात. त्या दिवसांत एक खड्डा किंवा एक टाकी रीतसर भरून पाहावी. पांग फिटण्यास बारा वर्षे थांबण्याचे कारण उरणार नाही.